‘शरण आली’ की ‘शरण गेली’?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, सांगली जिल्ह्यात राहते. गेली चार वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. आता ती सव्वादोनशे पानांची झाली आहे. नायिका यमुना. तिचं लग्न १९८९ मध्ये झालं. वडील १९९८ मध्ये वारले, दोन वर्षांनी आई गेली. जाताना आई म्हणाली होती, ‘तुझा वाटा सोडू नकोस.’ वारणाकाठच्या सहा एकर वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळावा म्हणून यमुना २००८ मध्ये थोरल्या भावावर, अण्णावर, दावा लावते. चौदा वर्षं तारखा चालतात. निकालाच्या आदल्या दिवशी ती दावा काढून घेते आणि भावाच्या घरी जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते. हे वाचकाला आधी कळू नये म्हणून शेवटच्या चाळीस पानांत मी यमुनेच्या मनातलं काहीच लिहिलेलं नाही. तिचा मुलगा पंकज परस्पर जमिनीच्या दलालाला भेटतो, ते आठवं प्रकरणही काढून टाकलं, कारण त्यावरून शेवट ओळखता आला असता. तिघांना वाचायला दिली. नवरा म्हणाला, ‘असं कुणी करतं का?’ मैत्रीण म्हणाली, ‘शेवटी बाईनं नांगी टाकलीच.’ आमच्या वाचनकट्ट्यावरचे एक काका म्हणाले, ‘तुम्ही आम्हाला फसवलंत.’ ती सही म्हणजे यमुनेचा डाव होता, असं दाखवावं का? की शेवटच बदलू? शेवटचं पान सोबत जोडते आहे.

उत्तर :

ताई, शेवट बदलू नका. डावही घालू नका. आणि आठवं प्रकरण आजच्या आज परत त्याच्या जागी ठेवा. का, ते आता सविस्तर सांगते.

तुम्ही पाठवलेलं पान मी चार वेळा वाचलं. दर वेळी एकाच वाक्यापाशी अडले : ‘आणि चौदा वर्षांनी यमुना भावाला शरण आली.’

मराठीत माणूस शरण जातो किंवा शरण येतो. यातलं एक क्रियापद निवडलं की सांगणारा कुठे उभा आहे ते ठरतं. ‘शरण गेली’ म्हटलं तर आपण यमुनेच्या मागे असतो, तिची पाठ दिसते, तिच्या पुढ्यातला रस्ता दिसतो. ‘शरण आली’ म्हटलं की आपण अण्णाच्या ओसरीवर बसलेलो असतो आणि ती समोरून फाटक उघडून येते. जो वाचक दोनशे पानं यमुनेच्या पावलाशी पाऊल जुळवून चालला, त्याला तुम्ही ऐन वेळी उचलून तिच्या भावाशेजारी नेऊन बसवलंत. काकांना फसवल्यासारखं वाटलं ते इथे. धक्का त्यांना सोसला असता. तिला सोडून यावं लागलं, ते त्यांना लागलं.

हे वाक्य तुम्हाला विचार न करता सुचलं असणार, म्हणूनच मी त्याला एवढं महत्त्व देते आहे. शेवटच्या चाळीस पानांत तुम्ही स्वतःच यमुनेपासून दूर गेला होतात. त्याची खूण भाषेनं आपसूक ठेवली.

शरणागतीची कलाटणी लिहिताना बहुतेक जण हेच करतात. खुनाच्या गोष्टीत खुनी कोण ते लपवावं लागतं, हे आपण ऐकून असतो. पण खून बाहेर घडतो. सुरी, दार, वेळ या गोष्टी लेखकाला झाकता येतात. शरण जाणं मनात घडतं, आणि सही, हात जोडणं, हत्यार खाली ठेवणं हे त्याचं अगदी शेवटचं टोक. ते टोक झाकून ठेवायचं म्हणून सगळं मनच बंद केलं, तर सही करायला शेवटी जी बाई येते तिला वाचक ओळखतच नाही. ‘असं कुणी करतं का?’ हे तुमच्या यजमानांचं वाक्य त्या अनोळखी बाईबद्दल आहे. यमुना असं करेल की नाही, हे ठरवण्याइतकी ती त्यांना शेवटी दिसलीच नाही.

म्हणून मन उघडं ठेवा. वाचकाला सगळं पाहू द्या, फक्त त्याचा अर्थ त्याला चुकीचा लावू द्या. समजा, निकालाच्या महिनाभर आधी यमुना वकिलांना विचारते, ‘मोजणी होऊन तुकडे पडल्यावर विहीर कुणाकडे जाणार?’ पहिल्या वाचनात वाचकाला वाटेल, बाईला आता जिंकायची घाई झाली आहे, विहीरसुद्धा तिला आपल्याकडे हवी आहे. सही झाल्यावर तेच वाक्य आठवेल तेव्हा त्याला कळेल की तुकडे पडण्याची तिला भीती वाटत होती. शब्द तेच, लपवलेलं काही नाही. अशी दोनदा वाचता येणारी वाक्यं तुम्हाला तीन-चारच लागतील. पण त्यातलं पहिलं अगदी सुरुवातीच्या वीस-पंचवीस पानांत पडलेलं हवं, वाचक अजून संशय घ्यायला लागलेला नसतो तेव्हा.

मैत्रिणीचं म्हणणं मला तिघांत सगळ्यात गंभीर वाटतं. आपल्या भागात बहिणीनं हक्क सोडणं ही कलाटणी कधीच नव्हती. तो शिरस्ता आहे. भाऊ गाडी घेऊन येतो, तालुक्याला नेतो, सही होते, हॉटेलात जेवण, वर एक साडी. ‘जमिनीसाठी माहेर तोडू नको’ हे सांगायला घरातल्या बायकाच पुढे असतात. यमुनेनं २००८ मध्ये दावा लावला, ती तुमच्या कादंबरीतली खरी पहिली कलाटणी. त्या दिवशी गावानं तोंडात बोटं घातली असतील. शेवटी ती सही करते तेव्हा गावाला पहिल्या पानावर जे वाटत होतं तेच खरं ठरतं. वाचकानं आपल्या घरात, शेजारात अशा कितीतरी सह्या पाहिलेल्या असतात. यमुनेची सही त्यांच्यातच मिसळून जाते, आणि मग ‘नांगी टाकली’ यापलीकडे दुसरा शब्द त्याला सुचत नाही.

ही सही त्या सगळ्यांहून वेगळी का, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. माझे वडील आणि काका यांच्या नावानं तिनं हक्क सोडला, तेव्हा मी तिच्यासोबत निबंधक कार्यालयात गेले होते. सही तिनं गिरवली, पण यंत्रावर अंगठा उमटेना. सारी हयात भांगलण, खुरपणी, राख-मातीनं भांडी घासणं यांत गेलेली. बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. समोरचा मुलगा म्हणाला, ‘आजी, पुन्हा ठेवा.’ पदरानं अंगठा पुसून तिनं पुन्हा ठेवला. मग पुन्हा. चौथ्या वेळी उमटला. बाहेर आल्यावर काकांनी साडीची पिशवी पुढे केली. ती तिनं घेतली नाही. म्हणाली, ‘आईचं जातं द्या.’ जात्यावर दहा-पंधरा वर्षांत कुणी दळलं नव्हतं, ते परसात पालथं पडलेलं होतं. दोघा गड्यांनी ते उचलून एसटीच्या टपावर चढवलं, आणि आत्या खिडकीपाशी बसून सगळा रस्ता वर काही सरकल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहिली.

मी तेव्हा रडले होते, आणि का रडते आहे ते मला समजत नव्हतं. आता वाटतं, जमिनीबद्दल तिला काय वाटतं हे आम्ही कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं. सही करेपर्यंत तिच्या मनाचा ठाव लागला नाही. सही झाल्यावर तिनं काय मागितलं, त्यातून तो लागला. यमुना सही करून झाल्यावर काय मागते, ताई? तुमच्या पानावर ती उठते, पदर सावरते आणि निघते. तिनं काही मागायला हवं, किंवा देऊ केलेलं काही नाकारायला हवं. ते काय असेल, ते तुम्हालाच शोधावं लागेल. माझं जातं घेऊ नका, ते आत्याचं आहे.

आता एका गोष्टीबद्दल मला जरा कळकळीनं बोलायचं आहे, कारण तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही ते एका वाक्यात संपवलं असणार अशी मला भीती वाटते. तुम्ही दिलेल्या तारखा मी कायद्याशेजारी मांडून पाहिल्या. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. यमुनेचं लग्न १९८९ चं, म्हणजे ती बाहेर. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची ती अट गेली. म्हणून तिचा २००८ चा दावा बरोबर बसतो. मग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत. यमुनेचे वडील १९९८ मध्येच गेलेले. बरोबरीचा वाटा हातून निसटला, उरला तो वडिलांच्या हिश्श्यातला लहान तुकडा. आणि ११ ऑगस्ट २०२० ला, कोरोनाच्या दिवसांत, तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो अर्थ फिरवला : मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही.

याचा अर्थ, २०१५ ते २०२० ही पाच वर्षं तुमची नायिका जवळपास हरलेला दावा ओढत होती, आणि २०२० नंतर ती जिंकत होती. या पाच वर्षांत ती शरण गेली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. हरणारा माणूस शरण जातो, त्याला आपण नाइलाज म्हणतो. जिंकणारी बाई निकालाच्या आदल्या दिवशी थांबते, तेव्हा वाचक ताठ बसतो. पण त्यासाठी ती जिंकते आहे हे वाचकाला आधी लख्ख कळलं पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये वकिलांचा फोन येतो, हे पूर्ण प्रकरण व्हायला हवं. ती कुठे होती, हातात काय काम होतं, फोन ठेवल्यावर तिनं पहिल्यांदा कुणाला सांगितलं. आणि आनंदाच्या त्या दिवशी तिला नेमकं काय खुपलं. तुमची पहिली नाही, तर सगळ्यात ठसठशीत खूण तिथे पडू शकते, कारण आनंदात बुडालेला वाचक तिकडे लक्षच देणार नाही.

आता आठवं प्रकरण. पंकज दलालाला भेटतो. आईचा निकाल लागायच्या आत त्यानं जमिनीचे प्लॉट पाडायचं ठरवून टाकलं आहे, असंच ना? तुम्ही ते काढलंत, कारण त्यावरून शेवट कळेल असं तुम्हाला वाटलं. मला मात्र ते या सगळ्या गोष्टीचं आढं वाटतं.

एक खरा प्रसंग सांगते. डिसेंबर १९६१, गोवा. पोर्तुगालचे गव्हर्नर जनरल होते मान्युएल आंतोनियो व्हासालो ए सिल्वा. त्यांच्याकडे जेमतेम तीन-चार हजार सैनिक, समोर कित्येक पटींनी मोठं भारतीय सैन्य. लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा, एक तर जिंका नाही तर मरा. १९ डिसेंबरला त्यांनी भारतीय सैन्यापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. आपल्या पाठ्यपुस्तकात ही गोवामुक्तीची तारीख आहे, आणि आपण ती आपल्या बाजूनं वाचतो, ते योग्यच आहे. पण गोष्ट लिहिणाऱ्यानं क्षणभर त्या माणसाच्या मागे जाऊन उभं राहावं. सही करताना तो भारताला शरण जात होता हे सगळ्यांना दिसलं. त्याच सहीनं त्यानं सालाझारचा हुकूम मोडला आणि आपल्या सैनिकांचे व गोव्यातल्या लोकांचे जीव राखले. मायदेशी परतल्यावर त्याला लष्करातून काढून टाकण्यात आलं. १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, तेव्हा कुठे त्याचा हुद्दा परत मिळाला. पुढे तो गोव्यात येऊन गेला, तेव्हा लोकांनी त्याचं आपुलकीनं स्वागत केलं.

शरणागती लिहिताना सगळे विचारतात, कुणापुढे? मला दुसरा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो : कुणाच्या हुकमाविरुद्ध? यमुना अण्णापुढे सही करते, हे वरवर दिसणारं. तिला लढत राहा म्हणणारं कोण आहे, हे पाहिलं की पंकज समोर येतो. चौदा वर्षं जी लढाई तिची होती, ती कधीतरी, तिला न विचारता, त्याची झाली. तसं असेल तर तिची सही अण्णाच्या बाजूनं पडलेली नाही. ती पंकजच्या विरोधात पडली आहे, आणि सव्वादोनशे पानांत हे फक्त तिला ठाऊक आहे. तुमच्या मैत्रिणीला हे दिसलं असतं तर ‘नांगी टाकली’ हे शब्द तिच्या तोंडी आले नसते.

आठव्या प्रकरणानं शेवट कळेल का? मला नाही वाटत. मुलगा दलालाला भेटला हे वाचून वाचकाला वाटेल, आता आई आणि मुलात भांडण होणार, किंवा जमीन जिंकून ती मुलाच्या हाती पडणार. भावाला सही करून देणं हा तिसरा रस्ता त्याच्या डोक्यात येणारही नाही, कारण चौदा वर्षं त्यानं अण्णाला शत्रू मानलेलं आहे. उलट, हे प्रकरण नसेल तर सही झाल्यावर मागे वळून पाहायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. एक करा : प्रकरण पंकजच्या नजरेतून लिहिलेलं असेल तर यमुनेच्या नजरेतून लिहा. तिला ते कसं कळलं? एखाद्या पावतीवरून, मोबाइलवरच्या एखाद्या नकाशावरून, दलालानं तिलाच ‘काकू’ म्हणून केलेल्या नमस्कारावरून? कळल्यावर ती गप्प बसते. त्या गप्प बसण्याचा अर्थ वाचक ‘संमती’ असा लावेल. लावू दे.

मग उरते आई. ‘तुझा वाटा सोडू नकोस’ हाही हुकूमच आहे, आणि तो मेलेल्या माणसाचा, म्हणजे सगळ्यात जड. जपानचा हिरू ओनोदा हा अधिकारी १९४४ च्या डिसेंबरात फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर पाठवला गेला. महायुद्ध संपलं हे त्यानं मानलंच नाही. पत्रकं टाकली, शोधपथकं आली, तो जंगलातच राहिला. १९७४ मध्ये एक तरुण जपानी भटक्या त्याला शोधत पोचला, तेव्हा त्यानं सांगितलं की माझ्या वरिष्ठाचा हुकूम आल्याखेरीज मी हत्यार ठेवणार नाही. मग त्याच्या जुन्या मेजरला जपानहून बोलावून आणावं लागलं. तो मेजर एव्हाना पुस्तकं विकत होता. त्यानं मार्च महिन्यात त्या बेटावर जाऊन कामगिरी संपल्याचा हुकूम वाचून दाखवला, आणि २९ वर्षांनी ओनोदानं बंदूक खाली ठेवली. व्हासालो ए सिल्वानं हुकूम मोडला, ओनोदानं हुकूम परत घेतला जाईपर्यंत वाट पाहिली. यमुना यांपैकी काय करते? आईचा शब्द ती मोडते, की तो शब्द पुरा झाला असं तिला कुठेतरी उमगतं? आई ‘वाटा’ म्हणाली होती. तो वाटा म्हणजे जमीनच, असं यमुनेनं आणि वाचकानंही पहिल्या प्रकरणापासून धरलं. आईला तेच म्हणायचं होतं का? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात छापलं नाही तरी चालेल, पण तुमच्यापाशी ते पक्कं हवं.

डावाचा मोह मी समजू शकते. खोटी शरणागती आपल्या रक्तात भिनलेली गोष्ट आहे. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने पडलेला, आणि शिवाजी महाराजांनी शरण येण्याची बोलणी लावली. वेढा घालून बसलेले लोक सैलावले आणि जुलैच्या पावसात, रात्री, महाराज निवडक माणसांनिशी विशाळगडाकडे निघून गेले. ही गोष्ट दर वेळी ऐकताना अंगावर काटा येतो. पण ऐकणारा त्यात कायम गडावर असतो, फसतो तो जौहर. तुम्ही जो डाव म्हणता आहात त्यात फसणार तुमचा वाचक. शिवाय अण्णा जौहर नाही. तो तिचा भाऊ आहे, भाऊबीजेला तिच्यासमोर पाटावर बसलेला. यमुनेची सही खोटी ठरली की चौदा वर्षांचं सारं दुःख एका चलाखीवर येऊन संपेल. मला ते बघवणार नाही.

पन्हाळ्यापेक्षा पुरंदर तुमच्या जवळचा आहे. जून १६६५ चा तह ही खरी शरणागती होती, दिखावा नव्हता. मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत महाराज स्वतः गेले आणि २३ किल्ले देऊन आले. त्या २३ किल्ल्यांखालचा मुलूख वर्षाला चार लाख होनांचा. १२ किल्ले राहिले, एक लाख होनांच्या मुलखासह. गोष्ट सांगणारा २३ या आकड्यावर थांबला तर ती शोकांतिका होते. १२ या आकड्यावर त्यानं नजर ठेवली तर पुढचं सगळं, आग्रा, सुटका, १६७० मध्ये सिंहगड आणि पाठोपाठ खुद्द पुरंदर परत येणं, त्या १२ मधूनच उगवतं. म्हणजे शरणागतीच्या कागदावर दोन याद्या असतात, दिलेल्याची आणि राखलेल्याची. तुमच्या शेवटच्या पानावर पहिलीच आहे. सहा एकरांतला वाटा गेला. राहिलं काय, त्याची यादी यमुनेनं मनात केलेली असणार, आणि ती वाचायला मी पुढची पंधरा-वीस पानं आनंदानं उलटीन. पुरंदरच्या तहावर कुणी गोष्ट संपवत नाही. तुम्हीही सहीवर संपवू नका.

आणि त्यासाठी जागा तुमच्याकडे आयती आहे, कारण तुमचा सहीचा प्रसंग व्यवहारात चुकला आहे. अण्णाच्या घरी चटईवर बसून कागदावर केलेल्या सहीनं जमिनीचा हक्क सुटत नाही. आधी कोर्टात दावा काढून घेतल्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी लागते. तिथे न्यायाधीश बहुधा तिला स्वतःला विचारतील, ‘बाई, स्वखुशीनं काढताय ना?’ मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवायचं, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे. मग तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. त्याची नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, आणि मगच सातबाऱ्यावरून नाव कमी होतं. कोर्ट तालुक्याचं, निबंधक तालुक्याचा, चावडी गावातली. तीन जागी तीन वेळा तिला ‘हो’ म्हणावं लागणार आहे. दर जागी माणसं वेगळी, बघणाऱ्या नजरा वेगळ्या. एका संध्याकाळच्या सहीत तुम्ही जे कोंबलं, ते व्यवहारात महिनाभर पसरतं, आणि हक्कसोडपत्र नोंदवेपर्यंत त्यातल्या प्रत्येक दिवशी तिला परत फिरता येतं. वकील कोर्टाच्या आवारात तिच्याशी काय बोलतात? चौदा वर्षं तिच्यासाठी उभा राहिलेला माणूस आहे तो. पंकजला पुरसिशीच्या दिवशी कळतं की फेरफाराच्या नोटिशीवरून?

कलाटणी पुरसिशीपाशीच देऊन टाका, सव्वादोनशेतल्या एकशे ऐंशीव्या पानाच्या आसपास. वाचकाला धक्का तिथे बसेल. उरलेल्या पानांत त्याला कळत जाऊ दे की हा धक्का त्याला बसायला नको होता, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरच होतं. पंकजशी तिचं जे व्हायचं ते त्या १५ दिवसांत होऊ दे. हरकत घ्यायला त्याला स्वतःला कायद्यानं काही जागा आहे का, हे एखाद्या जाणत्या वकिलाला नीट विचारून घ्या, अंदाजानं लिहू नका. आणि नोंद मंजूर होते त्या दिवशी यमुनेला चावडीत पाठवा. सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. कंसातलं नाव वाचता येतं. ते ती वाचते का, वाचून काय करते, बरोबर कोण असतं, हे तुम्ही लिहा. तिथे ‘आली’ लिहायचं की ‘गेली’, हे मग तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

आठवं प्रकरण यमुनेच्या नजरेतून पुन्हा लिहून झालं की तेवढंच मला पाठवा, बाकी घाई नाही. दलालाची भेट कुठे झाली आणि ती तिला कशी कळली, ते मला वाचायचं आहे.